क्रोशाच्या सुईची मूठ आणि ओव्हनमधलं रसायन

पॉलिमर क्ले हाताला मातीसारखी लागते, पण तिच्यात माती नसते आणि पाणीही नसतं. गणपतीची शाडू पाणी उडून वाळते, म्हणून आकसते. ही क्ले उन्हात ठेवून वाळत नाही. नळाचे पांढरे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात, त्याचीच बारीक भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवून, रंग घालून ती बनते. तापली की पीव्हीसीचे कण हा द्रव शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकजीव होतात. क्रोशाच्या सुईवर चढवलेली मूठ फसते ती बहुधा या टप्प्यावर. नक्षीचा त्यात फारसा दोष नसतो.

सुई अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी; पुण्याच्या तुळशीबागेत, बोहरी आळीत सहज मिळते. प्लास्टिकची सुई ओव्हनमध्ये वाकते. बांबूच्या सुईतला ओलावा तापल्यावर बाहेर पडतो आणि क्लेला फोड येतात, म्हणून ती आधी नुसतीच १२०° सेल्सिअसला अर्धा तास तापवून, गार झाल्यावर फेव्हिकॉलचा पातळ हात देऊन पूर्ण वाळवावी. धातूला क्ले चिकटत नाही, फक्त वेढून धरते. भाजल्यावर मूठ सुईभोवती फिरू लागली, तर ओढून काढावी, आत इपॉक्सी गोंद लावून पुन्हा बसवावी.

९ सेंटिमीटर लांब, सव्वा सेंटिमीटर जाड मुठीला १५ ते २० ग्रॅम क्ले पुरते. मऊसूत होईपर्यंत मळा. पुण्याच्या मे महिन्यात ती लगेच चिकट होते आणि बोटांचे ठसे उठतात. अशा वेळी लाटी दोन कोऱ्या कागदांत घालून वर वजन ठेवा. कागद जादा प्लास्टिसायझर शोषून घेतो. मात्र रात्रभर विसरलात, तर सकाळी भुगा होईल. उरलेली क्ले थर्माकोलवर किंवा कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका, प्लास्टिसायझर त्यांना खातो. स्टीलचा डबा उत्तम.

आधी एका रंगाचा थर गुंडाळा. सांध्यात हवा अडकली, तर ती ओव्हनमध्ये फुगते आणि तिथेच तडा जातो, म्हणून मधून बाहेर दाबत जा. त्यावर नक्षीच्या नळकांड्याच्या (रंगीत क्लेच्या वळ्या जुळवून केलेला लांब दांडा, ज्याच्या प्रत्येक चकतीवर तीच नक्षी दिसते) मिलिमीटरभर जाड चकत्या लावून गुळगुळीत फरशीवर हलक्या हाताने फिरवा. सांधे दिसेनासे झाले की थांबा. जास्त फिरवलं तर फुलांच्या पाकळ्या पिळवटतात. एक गोष्ट हमखास राहून जाते: सुईवर कोरलेला, तिची जाडी मिलिमीटरमध्ये सांगणारा आकडा मुठीखाली झाकला जातो. ३.५ असेल, तर टाचणीच्या टोकाने ३.५ हेच मुठीच्या बुडाशी ठिपक्यांनी टोचून ठेवा. भाजल्यानंतर हे जमत नाही.

आता भट्टी. पाकिटावरचं तापमान पाळा. कंपनीनुसार ते साधारण ११०° ते १३५° असतं. उकळत्या पाण्याने काम भागत नाही, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मायक्रोवेव्ह तर नकोच. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनच्या, बटणावर विसंबू नका. त्याची कॉइल मध्येच लालबुंद होते आणि जवळचा भाग करपतो. पीव्हीसी फार तापलं तर हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू सुटतो. असं झालं तर ओव्हन बंद करून खिडक्या उघडा. आत वेगळा ओव्हन थर्मामीटर ठेवा, पंख्यासारख्या घडी घातलेल्या कागदावर सुई आडवी ठेवा म्हणजे मूठ एका बाजूला चपटी होणार नाही, आणि वर फॉइलचं सैल झाकण घाला. तापमान स्थिर झाल्यावर सुई आत ठेवून तिथून ४५ मिनिटं मोजा.

बाहेर काढल्या काढल्या मूठ रबरासारखी मऊ लागते. ती कच्ची आहे असं समजून बरेच जण तापमान वाढवतात आणि रंग घालवून बसतात. त्यापेक्षा त्याच क्लेची २ मिलिमीटर जाडीची पट्टी सोबत भाजा. पूर्ण गार झाल्यावर ती वाकवा. लवली तर कण नीट जुळले आहेत. काटकन मोडली तर भाजणं कमी पडलंय. मूठ फेकू नका, तीच सुई त्याच तापमानाला आणखी अर्धा तास ठेवा. राहिलेले कण तेव्हा एकजीव होतात.