जुन्या इंग्लिश पबच्या तुळया जहाजाच्या नव्हेत

इंग्लंडमधल्या जुन्या पबचे फोटो फिरतात, सोबत ठरलेली ओळ: ‘या तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या.’ लाकडातल्या रिकाम्या खाचा पाहून तसं वाटणं साहजिक आहे. पण जहाजाच्या सांगाड्याची लाकडं बहुतेक वाकडी, घराला सरळ तुळई लागते. शिवाय असे पब समुद्रापासून दूरच्या गावांतही आहेत, जिथे ओक जवळच मिळायचा. तो ओलाच घडवत, सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के करत. रिकाम्या खाचा बहुधा आधीच्या घराच्या किंवा कोठाराच्या. चांगलं लाकूड कुणी टाकत नसे. सांध्याजवळ टॉर्च तिरका धरा. सुताराने कोरलेले रोमन आकडे बऱ्याचदा दिसतील, जोडीच्या दोन्ही लाकडांवर सारखेच. जोडणी चुकू नये म्हणून केलेली ही खूण मला फार मोलाची वाटते. बंदराजवळ मात्र क्वचित जहाजाचं लाकूड खरंच सापडतं.