केळीच्या बागेकडून समुद्राकडे

भुसावळला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेल्या आमच्या दाजींनी श्रीवर्धनजवळ पाच गुंठे जागा घेतली. मधे एक रस्ता, पलीकडे समुद्र. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी जळगावहून केशर आंब्याची दहा कलमं नेऊन लावली. दिवाळीपर्यंत कलमं हिरवीगार होती. मार्चमध्ये फोटो आला: पानांची टोकं आणि कडा करपलेल्या, मधलं पान मात्र हिरवंच. "रोज पाणी देतोय रे भो, तरी जळतंय!"

पाणी कमी नव्हतंच. लाट फुटली की फेसातले बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात आणि वारा ते आत आणतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषार पानावर वाळले की मीठ मागे राहतं, दमट हवेत पुन्हा ओलावतं आणि बारीक चिरांतून, पर्णरंध्रांतून आत शिरतं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसाच हा प्रकार. शिवाय त्यातलं क्लोराइड पानाच्या टोकाकडे आणि कडांकडे साठत जातं, म्हणून करपणं तिथूनच सुरू होतं. आंब्याला क्लोराइड फारसं सोसत नाही.

मग पावसाळ्यात काही का झालं नाही? तेव्हा तर वारा जास्त. पण जळगावला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोकण किनाऱ्यावर त्याच्या तिपटीचौपटीनं. तो पानं धुतो आणि रेताड जमिनीतलं मीठही खाली नेतो. खरा त्रास पाऊस थांबल्यावर, दुपारी समुद्रावरून वारा सुटतो तेव्हाचा. अशा वेळी नुसतं मुळाशी पाणी देऊन भागत नाही. अधूनमधून गोड्या पाण्यानं पानंही धुवावी लागतात.

दाजींनी यावर केलं काय, तर समुद्राच्या बाजूला आठ फुटी भिंत घातली. यावल-रावेरचा कुठलाही केळीवाला हसला असता. आपल्याकडे वैशाखातल्या गरम वाऱ्यानं केळीची पानं फाटून चिंध्या होतात, म्हणून बागेभोवती शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात. ती भिंत नव्हे, चाळणी असते. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरे करत खाली आपटतो. विरळ कुंपणातून थोडा वारा आत येतो, पण दमून येतो. कुंपणाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी त्याचा फायदा जाणवतो. समुद्रकाठी हीच चाळणी तुषारही गाळते.

म्हणून तिथं कुठलं झाड लावायचं यापेक्षा पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न मोठा. पुढच्या रांगेनं मार खायचा, मागच्यांनी तिच्या आडोशाला वाढायचं.

पुढच्या रांगेसाठी सगळे सुरूचं झाड सुचवतात. सुरूची हिरवी 'सुई' हातात घेऊन हलकेच ओढा, टचकन सांध्यावर निखळते. त्या सांध्याभोवती अगदी बारीक सात-आठ दात दिसतात. तीच त्याची पानं! सुई म्हणजे खरं तर डहाळी. पानाचा पसाराच नाही, त्यामुळे पाणी उडायला जागा कमी. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, त्यामुळे निव्वळ वाळूतही सुरू तग धरतो. तरी घरच्या बागेत मी तो लावणार नाही. खाली सुयांचा असा थर साचतो की दुसरं काही सहज उगवत नाही.

त्यापेक्षा उंडी घ्यावी. वाढ सावकाश, पण पान जाड, चामड्यासारखं, चकचकीत. सोबत पारोसा पिंपळ, म्हणजे भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे): पान पिंपळासारखं, फूल सकाळी पिवळं आणि सुकताना तांबूस. नारळही पुढे चालतो. अर्थात, मोठ्या वादळापुढे कुणाचीच खात्री नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. चिकू, काजू मधे. आंबा आणि दाजींची लाडकी केळी सगळ्यात मागे, घराच्या आडोशाला. कडुनिंबाचा हट्ट मी सोडायला लावला. तो खारं थोडंफार सोसतो, पण त्याला आपल्यासारखं कोरडं हवामान भावतं.

किनाऱ्यावरची झाडं समुद्राकडे पाठ करून झुकलेली दिसतात ना, ती वाऱ्यानं वाकवलेली असतातच असं नाही. समुद्राकडचे कोंब मिठानं जळत राहतात आणि आडोशाकडचे वाढत राहतात, म्हणून झाड एका अंगानं भरतं. दाजींना म्हटलं, पुढच्या रांगेची अशी कंगव्यानं भांग पाडल्यासारखी गत झाली तर छाटायला जाऊ नका, काम चाललंय असं समजा.

राहिला करंज. तो आपल्या नदीनाल्यांच्या काठी वाढतो आणि खाडीच्या काठीही. रोपवाटिकेत जायचीसुद्धा गरज नाही. परवा दाजींनी तापीकाठच्या करंजाखालून वाळक्या शेंगा पिशवीभर वेचल्या. एका शेंगेत बहुधा एकच बी निघते, म्हणून कुरकुरत होते. बी ताजी आहे तोवर पिशव्यांत लावा म्हटलं, आणि भिंतीच्या वरच्या चार फुटांच्या विटा काढून ठेवा.