जीवाणूंची देवघेव आणि नाग नदी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी काठच्या घरांत शिरले. एरवी या नदीत कोणी पोहायला उतरत नाही. त्या दिवशी नदीच घरात आली होती. लोकांनी चिखल उपसला, गाद्या उन्हात टाकल्या. पण सांडपाणी मिसळलेल्या अशा चिखलात औषधांना न जुमानणारे जीवाणूही असू शकतात, हा विचार फारशा कोणाच्या मनात आला नसावा.

अनेक प्रतिजैविकांचा बराचसा अंश शरीरात न बदलताच लघवीवाटे बाहेर पडतो आणि औषधातून वाचलेले आतड्यातील जीवाणू शौचावाटे त्याच गटारात येतात. तेथे निरनिराळ्या जातींचे जीवाणू दाटीने राहतात आणि औषधाला तोंड देण्याची जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळांवरून एकमेकांना देतात. विशेष म्हणजे या देवघेवीला नाते लागत नाही. निरुपद्रवी जीवाणूकडील जनुक रोगकारक जीवाणूकडेही जाऊ शकते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जीवाणूंची संख्या पुष्कळ घटते हे खरे, पण उरतात तेही थोडेथोडके नसतात.

हे केवळ तर्क नव्हेत. कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांना निष्प्रभ करणारे एनडीएम-१ (‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’) जनुक नवी दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जनुकाच्या नावात दिल्ली आल्याने त्या वेळी वाद बराच झाला. पाण्याची चर्चा मात्र त्या मानाने कमीच झाली. ब्रिटनच्या किनाऱ्यांवरील २०१८ च्या अभ्यासात, लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के लोकांच्या आतड्यात सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाला दाद न देणारे ई. कोलाय जीवाणू आढळले, न खेळणाऱ्यांत हे प्रमाण ३ टक्के होते. त्यांतील कोणी आजारी असेलच असे नाही, कारण असे जीवाणू शरीरात गुपचूप नांदतात आणि पुढे संसर्ग झाला तरच औषध लागू पडत नसल्याचे कळते.

नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी पवनीजवळ गोसीखुर्द धरणात अडते. स्नानयोग्य पाण्यासाठी आपल्याकडे १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची कमाल मर्यादा २५०० आहे; त्यांतले किती जीवाणू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, हे त्या आकड्यात येत नाही.