माकडताप सिंधुदुर्गात आला कुठून? थोडी पार्श्वभूमी

2016 ला दोडामार्गात माकडतापाचे पेशंट सापडले तेव्हा लोकांना वाटलं हा कसला नवीन आजार, पण हा 1957 पासून माहितीय. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आजूबाजूच्या गावांतली माणसंही तापाने फणफणली. आधी शंका आली यलो फिव्हरची, तो भारतात कधीच नव्हता, त्यामुळे सगळेच हादरले. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आत्ताच्या एनआयव्हीने, व्हायरस शोधला तर तो निघाला रशियातल्या गोचिडांपासून होणाऱ्या मेंदूज्वराचा भाऊबंद! मग सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी आणला की काय म्हणून पक्षीतज्ज्ञ सलीम अली आणि बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पक्ष्यांच्या पायात रिंगा घालायचं मोठं काम हाती घेतलं.

व्हायरसचा खरा मुक्काम मात्र जंगलातल्या गोचिडात. पाऊस संपला की पालापाचोळ्यात अंड्यांतून पिल्लं निघतात, ती उंदीर-चिचुंद्र्यांवर जगतात, पुढे डिसेंबर ते मे जरा मोठी झालेली, तरी दिसायला बारीकच, गोचिडं माकडांना आणि माणसांना चावतात. नेमका तोच काजूचा सीझन, लाकूडफाट्याचाही. मोठी गोचिडं पावसाळ्यात गुरांवर चढतात.

बरीच वर्षं हे सगळं कर्नाटकातच होतं. 1982-83 ला दक्षिण कन्नडमध्ये बेळ्तंगडीकडे काजू लावायला जंगल तोडलं आणि मोठी साथ आली, काजू तिथेही आहेच बघा. मग 2012-13 च्या आसपास कर्नाटकातलंच बांदीपूर, केरळातलं वायनाड, तमिळनाडूतलं निलगिरी, 2015 ला गोव्यात सत्तरी आणि पुढच्या वर्षी आपलं दोडामार्ग.

आता यात हवामान बदलाचा हात किती? गोचिडाचं सगळं वेळापत्रक ओलावा आणि उष्णतेवर चालतं, आणि पाऊस तर लांबतोय, हवामान खात्यानेच 2020 ला परतीच्या मान्सूनची राजस्थानातली सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबर केली. पाऊस उशिरा थांबला की पिल्लं निघण्यापासून तापाच्या सीझनपर्यंत सगळंच मागेपुढे होऊ शकतं. पण खरं सांगायचं तर सगळं खापर हवामानावर फोडणं सोयीचं आहे, जंगल फोडून बागा केल्या, त्यात गुरं आणि माणसं घुसली, हे आपणच केलंय. गरम हवा त्यात भर घालते एवढंच.

लस होती, पण वरचेवर बूस्टर घ्यावे लागायचे आणि तरी उपयोग कमी, म्हणून ती बंद केली, नव्या लशीचं काम सुरूय. तोवर बागेत जाताना अंगभर कपडे, हातापायाला गोचिडं दूर ठेवणारं डीएमपी तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवायचं, कारण ते गार पडलं की त्याच्या अंगावरची गोचिडं तिथल्याच पाचोळ्यात उतरतात.