कार्यालयीन नेटवर्क गाळणी आणि सॉफ्टवेअर अपडेट

कार्यालयाच्या नेटवर्कवर सुरक्षिततेसाठी बसवलेली फायरवॉल, प्रॉक्सी (संगणक व इंटरनेट यांच्यामध्ये बसून विनंत्या पुढे पाठवणारा सर्व्हर) किंवा वेब फिल्टर यांसारखी गाळणी वाटेत आल्यामुळे संगणकांवरील सॉफ्टवेअरचे अपडेट अडकणे, अर्धवट राहणे किंवा मुळात सुरूच न होणे, हा संगणक-व्यवस्थापनातील जुना व नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे ठरलेले लक्षण म्हणजे ब्राउझरमध्ये सर्व संकेतस्थळे व्यवस्थित उघडत असतात, आणि अपडेट मात्र ‘इंटरनेट जोडणी तपासा’ असे सांगून थांबते. हा संदेश बहुतेक वेळा दिशाभूल करतो, कारण जोडणी असतेच. ती मध्येच कोणीतरी उघडून पाहिलेली असते, एवढेच.

या अडथळ्याचे मुख्य कारण टीएलएस (वाहतूक कूटबद्ध करणारी पद्धत) तपासणी हे आहे. आजची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्याने गाळणीला आतला मजकूर दिसत नाही. म्हणून गाळणी मूळ सर्व्हरशी स्वतः जोडणी करते, मजकूर उलगडून तपासते आणि संस्थेच्या स्वतःच्या मूळ प्रमाणपत्राने सही केलेले दुसरे प्रमाणपत्र (सर्व्हरची डिजिटल ओळख) कर्मचाऱ्याच्या संगणकापुढे ठेवते. हे मूळ प्रमाणपत्र संगणकाच्या विश्वसनीय यादीत आधीच घातलेले असल्याने ब्राउझर ते मुकाट्याने स्वीकारतो. विंडोज अपडेट किंवा ॲपलच्या सेवा मात्र या यादीवर विसंबून न राहता समोरचे प्रमाणपत्र उत्पादकाने नेमून दिलेल्या साखळीतलेच आहे का, हे पाहतात आणि नसल्यास जोडणी तोडतात. अशा तपासणीतून जाणारी जोडणी चालणार नाही, असे ॲपलने संस्थांसाठीच्या मार्गदर्शनात स्पष्टच लिहिले आहे.

हा ताठरपणा अकारण नाही. मे २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या प्रोग्रामने बाधित संगणकाला स्थानिक नेटवर्कवरील प्रॉक्सीचे सोंग घ्यायला लावले, शेजारच्या संगणकांच्या विंडोज अपडेटच्या विनंत्या त्याच्याकडे वळवल्या आणि एमडी५ या हॅश पद्धतीतील (मजकुराचा छोटा ठसा काढण्याच्या रीतीतील) दोष वापरून बनवलेल्या खोट्या मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्राची सही असलेला घातक प्रोग्राम ‘अपडेट’ म्हणून त्यांच्या हाती दिला. ३ जून २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टने संबंधित प्रमाणपत्रांवरील विश्वास काढून घेतला आणि त्यानंतर अपडेटचा मार्ग अधिक कडक केला. कार्यालयाची तपासणी करणारी प्रॉक्सी आणि फ्लेमची तोतया प्रॉक्सी यांची मधली जागा तांत्रिकदृष्ट्या एकच असते. अपडेट करणाऱ्या प्रोग्रामला त्यांतला सज्जन कोण हे ओळखण्याचा मार्ग नाही, आणि तो ओळखण्याचा प्रयत्न करत नाही हेच योग्य आहे.

इतर कारणे अधिक साधी, पण शोधायला तितकीच चिवट असतात. अपडेटची सेवा वापरकर्त्याच्या नव्हे, तर यंत्रणेच्या खात्यातून चालते. त्यामुळे प्रॉक्सीने नाव व पासवर्ड मागितला (एचटीटीपीचा ४०७ हा प्रतिसाद) तर उत्तर द्यायला तिथे माणूसच नसतो. मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी मागवण्याची सोय, जिच्यावर विंडोजची पार्श्वभूमीत फाइल उतरवणारी ‘बिट्स’ ही सेवा अवलंबून असते, ती काही गाळण्या काढून टाकतात, कारण अर्धी फाइल विषाणूंसाठी तपासता येत नाही. पूर्ण फाइल आधी स्वतःकडे साठवून मग पुढे पाठवणारी गाळणी इतका वेळ घेते की मागणारा कंटाळून जोडणी सोडतो. काही गाळण्या अडवलेल्या विनंतीला नकाराऐवजी ‘ही साइट ब्लॉक आहे’ असे रंगीत पान यशस्वी प्रतिसाद म्हणून पाठवतात. माणसाला ते पान वाचता येते. प्रोग्राम मात्र तेच अपडेट समजून उघडू पाहतो. डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या ‘ॲप्ट’ला हा अनुभव इतक्या वेळा आला आहे की सही असलेल्या फाइलऐवजी भलतेच काही मिळाल्यास त्याच्या त्रुटिसंदेशातच ‘नेटवर्कला लॉगिन लागते का?’ अशा अर्थाचा प्रश्न कंसात विचारलेला असतो.

यातला खरा धोका अडथळ्यापेक्षा त्याच्या मूकपणात आहे. अपडेट रात्री किंवा पार्श्वभूमीत होत असल्याने ते फसल्याचे आठवडेच्या आठवडे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने वापरलेल्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती आणि हल्ला १२ मे २०१७ रोजी झाला. अपडेट मागे राहिलेल्या यंत्रांना मिळणारी सवड किती थोडी असते, याचा अंदाज या जेमतेम दोन महिन्यांवरून येतो. कुंपण शेत खात नसले, तरी पाटाचे पाणी अडवू शकते.

रूढ उपाय म्हणजे अपडेटच्या सर्व्हरना तपासणीतून आणि प्रॉक्सीच्या लॉगिनमधून सूट देणे. ही सूट सर्व्हरच्या नावावरून द्यावी लागते. आयपी पत्त्यांवरून दिलेली फार काळ टिकत नाही, कारण अपडेट जगभर पसरलेल्या वितरण-जाळ्यांतून येतात आणि त्यांचे पत्ते बदलत राहतात. ॲपलकडे १७ ने सुरू होणारा संपूर्ण पत्तासमूह आहे, हा त्यातला सुखद अपवाद. पण तिथेही काही वाहतूक बाहेरच्या जाळ्यांतून जाते. सूट दिल्याने दार सताड उघडे पडते असे नाही, कारण उतरलेल्या अपडेटवरील उत्पादकाची सही संगणक स्वतंत्रपणे तपासतोच. दुसरा उपाय कार्यालयातच अपडेटचा साठा ठेवण्याचा आहे. मायक्रोसॉफ्टचा ‘डब्ल्यूएसयूएस’ २००५ पासून हे काम करतो; मात्र त्यात नवी वैशिष्ट्ये येणार नाहीत, असे कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. लिनक्ससाठी स्थानिक मिरर (अपडेटच्या साठ्याची जवळ ठेवलेली प्रत) हा त्याचाच प्रकार होय.

प्रोग्रामरांच्या साधनांची अडचण थोडी वेगळी आहे. पायथन या भाषेची पॅकेजे उतरवणारे ‘पिप’ हे साधन दीर्घकाळ स्वतःचीच प्रमाणपत्रांची यादी वापरत असे, त्यामुळे संस्थेचे प्रमाणपत्र संगणकात असूनही ते ओळखत नसे. २०२४ मधील २४.२ या आवृत्तीपासून, पायथन ३.१० किंवा त्यापुढील असल्यास, ते यंत्रणेचीच यादी पाहते. तोवर पडलेली सवय मात्र गेलेली नाही. प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करणारा पर्याय आज्ञेला जोडून काम भागवले जाते, आणि तो पर्याय पुढे स्क्रिप्टमध्ये, तिथून सर्व्हरवर कायमचा मुक्काम करतो. सुरक्षिततेसाठी बसवलेल्या गाळणीमुळे लोकांना सुरक्षितता बंद करण्याची सवय लागावी, हा या विषयातला सर्वांत वाईट परिणाम म्हणावा लागेल.

२०२० नंतर घरून काम वाढल्यावर अनेक लॅपटॉपना घरच्या जोडणीवरून विनासायास अपडेट मिळू लागले. पुढे संस्थांनी गाळणी क्लाउडमध्ये हलवून तिचा एजंट (तिच्या वतीने चालणारा छोटा प्रोग्राम) लॅपटॉपवरच बसवण्यास सुरुवात केली, तेव्हा हीच तपासणी घरच्या वायफायवरही सुरू झाली. कार्यालयातील गाळणीत दिलेल्या सवलती तिथे पुन्हा नव्याने नोंदवाव्या लागतात.