बांबूकामाचं प्रशिक्षण आणि बांबूच्या मालकीचा वाद

सूप, रोवळी, परडी, कणगी, तट्टे या वस्तू विदर्भात आणि कोकणात बुरडांनी पिढ्यान्‌पिढ्या विणल्या. ती विद्या घरात बसूनच शिकली जाई. शेतकऱ्यांना आणि आदिवासींना असं काम मुद्दाम शिकवावं, हा विचार नंतरचा. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचं काम सुरू झालं, तेव्हा त्याला संस्थेचं रूप मिळालं. पुढे १९७९ पासून ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगारासाठी शिकवण्याची केंद्राची योजना आली, विद्यावेतन आलं आणि टोपल्यांचे वर्ग तालुक्यातालुक्यांत भरले. १९९० च्या दशकात मेळघाटात कोरकू कुटुंबांसोबत बांबूचं अधिक गंभीर काम उभं राहिलं. तिथल्या राख्या पुढे शहरांतही विकल्या जाऊ लागल्या.

या सगळ्या काळात अडचण कौशल्याची होती असं मला वाटत नाही. शिकलेल्या माणसाला उद्या बांबू कुठून मिळणार, हा खरा प्रश्न होता. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला ‘झाड’ म्हटलं होतं. त्यामुळे जंगलातला बांबू तोडायचा अधिकार वन खात्याचा आणि वाहून न्यायला खात्याचा परवाना. चंद्रपूर-गडचिरोलीतला बांबू वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद कारखान्याकडे जात राहिला. त्याच जंगलाच्या कडेला राहणाऱ्या कारागिराने दोन बांबू आणले तर तो गुन्हा ठरत होता. प्रमाणपत्र देणारं सरकार आणि गुन्हा नोंदवणारं सरकार एकच होतं, आणि हा विरोधाभास प्रशिक्षणाच्या अहवालांत क्वचितच उमटला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात (जंगलातून मिळणाऱ्या, इमारती लाकूड नसलेल्या वनस्पतिजन्य वस्तूंत) घातला आणि तो गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क गावाला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद हाती आला, वाहतूक परवाना मात्र मिळेना. खात्याचं म्हणणं असं की जुन्या कायद्यात बांबू अजून झाडच आहे. ग्रामसभेचं म्हणणं असं की विकण्याचा हक्क दिला आणि माल गावाबाहेर न्यायला मनाई केली, तर तो हक्क कसला? ग्रामसभेचं म्हणणं सरळ आणि बरोबर होतं. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वनमंत्र्यांनी राज्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानायला सांगितलं. एप्रिलमध्ये ते स्वतः मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवलं. त्यानंतर गडचिरोलीतल्या इतर ग्रामसभाही स्वतः बांबू विकू लागल्या.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश निघाला आणि वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळला गेला, पण मोकळा झाला तो फक्त वनाबाहेरचा बांबू. बांधावर माणगा जातीचा बांबू लावणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला याचा उपयोग आहे. जंगलातल्या मानवेल बांबूला नाही. तो आजही वन कायद्याखालीच आहे आणि वनहक्क कायद्यात गौण वनोपज.

आजचं प्रशिक्षण टोपलीच्या पुढे गेलं आहे. किमान तीन वर्षांचा बांबू निवडणं, घुणा लागू नये म्हणून बोरॅक्स व बोरिक अॅसिडची प्रक्रिया, फर्निचर, दिवे. प्रक्रिया न केलेल्या खुर्चीला वर्षभरात भोकं पडतात, म्हणून हा भाग शिकवलाच पाहिजे. तरी ग्रामसभांचा बराचसा बांबू अख्खाच विकला जातो, कारण तोडणीची मजुरी हातात लगेच पडते आणि खुर्चीला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

या साऱ्यात बुरड समाज मागे राहिला. तो बहुतेक भूमिहीन, गावोगाव विखुरलेला, सामूहिक वनहक्काच्या बाहेर. त्याला सवलतीत बांबू मिळतो तो फक्त वन खात्याचा. ग्रामसभेच्या बांबूचा दर ग्रामसभा ठरवते, आणि तिथे त्याला व्यापाऱ्याच्या शेजारी उभं राहून बोली लावावी लागते. ज्यांच्याकडून सगळे हे काम शिकले त्यांच्यासाठी बांबूचा वाटा राखून ठेवणारी तरतूद वनहक्क कायद्यात नाही.