किशोरवयीनांची सामूहिक स्तरित छायाचित्ररचना

अनेक छायाचित्रे, हस्ताक्षरे, रेखाटने आणि पोत एकमेकांवर थरांनी मांडून त्यांतून एकच चित्र घडवण्याची, आणि कोणता थर वर ठेवायचा, कोणता पुसट करायचा हे गटाने मिळून ठरवण्याची पद्धत. किशोरवयातील घुसमट, शरीरातील बदलांची लाज, घर आणि शाळा यांच्या परस्परविरोधी अपेक्षा असे सरळ बोलता न येणारे विषय मांडण्यासाठी तिचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हा काळ किशोरवय मानते, आणि जगभरात या वयातील दर ७ जणांपैकी १ जण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराला तोंड देत असतो, असा तिचा अंदाज आहे. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचा विचार खानदेशाच्या, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या, संदर्भात केला आहे.

एकाहून अधिक निगेटिव्हमधून एक छायाचित्र छापण्याची युक्ती १८५० च्या दशकात रुळली. त्या काळच्या कोलोडियन काचा (प्रकाशसंवेदी रसायनाचा लेप दिलेल्या निगेटिव्हच्या काचा) निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने जमीन नीट उमटली की आकाश पांढरेफटक होई. म्हणून आकाशाची निगेटिव्ह वेगळी घेऊन छापताना जोडावी लागे. अडचणीतून निघालेली ही वाट लवकरच कथनासाठी वापरली जाऊ लागली. ऑस्कर रेजलँडर यांनी १८५७ मध्ये सुमारे ३० निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र केले. त्यात एक वृद्ध दोन तरुणांना आयुष्याच्या उंबरठ्याशी आणतो आणि एक सदाचाराकडे, तर दुसरा विलासाकडे वळतो. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी ५ निगेटिव्हमधून मरणपंथाला लागलेल्या तरुण मुलीचे दृश्य रचले, तेव्हा इतके वेदनादायक दृश्य छायाचित्रात मांडावे का, असा वाद झाला. या कलेच्या अगदी आरंभीच्या दोन गाजलेल्या चित्रांचा विषय उमलते वय हा होता. मात्र त्या वयाकडे पाहणारे डोळे प्रौढांचे होते, आणि सामूहिक पद्धतीने नेमका हाच भाग बदलला.

हा बदल कलाशाळांपेक्षा समाजकार्यातून आला. १९९० च्या दशकात कॅरोलाइन वाँग व मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि त्यांनीच काढलेल्या छायाचित्रांवर त्यांचीच चर्चा घडवून ती निर्णय घेणाऱ्यांपर्यंत नेली. पुढे ही रीत किशोरवयीनांच्या गटांतही आली. त्याच दशकात १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेअरची, म्हणजे थरांची, सोय झाली. आधीची मांडणी न बिघडवता प्रत्येक थर वेगळा हलवता, झाकता किंवा काढता येऊ लागला. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर आणि आता साधी मोबाइल अ‍ॅप्सही तेच काम करतात.

खानदेशात या कलेला परकी मानण्याचे कारण नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा मोठा भाग रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यातच घालवला, आणि मेजावर साध्या वस्तू मांडून विस्तीर्ण दृश्यांचा आभास निर्माण करणारी टेबलटॉप छायाचित्रे घडवली. ती थरांची चित्रे नव्हेत; तरी छायाचित्र टिपण्याइतकेच रचताही येते, हे त्यांनी याच भूमीत दाखवून दिले. त्याहून जवळचा नमुना म्हणजे लग्नाचा करिझ्मा अल्बम आणि चौकाचौकांतला वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर कापून लावलेल्या चेहऱ्यांचा आकार मानाप्रमाणे ठरतो, हे आठवीतल्या मुलालाही कळते. म्हणूनच गटाच्या पहिल्या बैठकीत एखादा फ्लेक्स समोर ठेवून कोण मोठा, कोण कोपऱ्यात आणि कोण मुळीच नाही, हे विचारणे फार उपयोगी पडते. मुलींच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्या घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि सासर-माहेरचे जे एकटीने बोलता येत नाही ते घोळक्याच्या सुरात म्हणता येते. सामूहिक चित्राची ताकद याच जातीची आहे.

गट साधारण सहा ते आठ जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात दोघे-तिघेच माउस धरतात. आधी बोलणे, मग छायाचित्रे, हा क्रम मोडू नये. प्रत्येक जण एक जागा, एक वस्तू आणि स्वतःच्या शरीराचा एखादा भाग मोबाइलवर टिपतो: एसटी स्टँडचा रिकामा बाक, वसतिगृहातली पत्र्याची पेटी, दुपारची केळीची बाग, दहावीचे हॉल तिकीट, वळलेली मूठ. यानंतर थर चढवले जातात. मल्टिप्लाय या मिश्रणात (मिश्रण म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळण्याची सॉफ्टवेअरमधील रीत) वरच्या थरातला पांढरा भाग नाहीसा होतो व गडद भाग उरतो, त्यामुळे कोऱ्या कागदावर पेनाने लिहिलेली ओळ टिपून चढवली की कागद विरतो आणि अक्षर थेट तळव्यावर किंवा भिंतीवर उमटल्यासारखे दिसते. स्क्रीन मिश्रणात उलट काळा भाग नाहीसा होतो; अंधारात टिपलेला दिवा किंवा खिडकी चढवण्यास ते योग्य. मास्क वापरून थराचा नको तो भाग झाकता येतो, आणि ओपॅसिटी, म्हणजे थराची अपारदर्शकता, कमी करून थर विरळ करता येतो. संगणक नसेल तर झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक शीटवर प्रती काढून त्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धराव्यात. ही रीत अनेकदा अधिक चांगली ठरते, कारण शीट सरकवायला सगळ्यांचे हात लागतात.

खरे काम ओपॅसिटीच्या आकड्यावरून होणाऱ्या वादात घडते. वडिलांची सावली ८० टक्के ठेवायची की ३०, यावर बोलताना मुले जे सांगतात ते प्रश्नावलीत कधीच येत नाही. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांच्या थरांत ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर केलेले स्थलांतर आणि आश्रमशाळेतले परतणे येऊ शकते. तापीकाठच्या मुलीच्या थरात दहावीनंतर तालुक्याच्या कॉलेजला पाठवायचे की स्थळ पाहायचे, हा घरातला वाद. शहरात शिकायला गेलेल्या मुलाच्या थरात अहिराणी बोलल्यावर झालेले हसे. अशा वेळी ‘माले बी बोलनं शे’ अशी ओळ प्रमाण मराठीत दुरुस्त करून घेणाऱ्या मार्गदर्शकाने तो थर पुसून टाकलेला असतो. मुलग्यांचे दुःख बहुधा उशिरा येते. कमावता होण्याची घाई आणि रडण्याची मनाई त्यांच्या चित्रांत आधी यंत्रे, मोटरसायकली, पाठमोऱ्या आकृती अशा रूपात दिसते, आणि त्यांना त्यासाठी वेळ द्यायला हवा.

एक धोका इतिहासातूनच कळतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस गुन्हेगारांचे अनेक चेहरे एकाच काचेवर समप्रमाणात उमटवून ‘नमुना’ चेहरा शोधण्याचा प्रयत्न केला. अशा सरासरीत प्रत्येकाची खूण पुसली जाते. सगळ्या मुलांचे चेहरे मिसळून ‘आजची पिढी’ दाखवणारे चित्र दिसायला सुबक असते, पण भिलोरी बोलणारी मुलगी आणि शेतमालकाचा मुलगा यांची अडचण एक नव्हे, आणि चित्रात ती एक दिसता कामा नये. थरांच्या कडा दिसू द्याव्यात.

गुप्ततेचा प्रश्न खेड्यात अधिक कठीण होतो, कारण चेहरा पुसट केला तरी गणवेश, दाराची चौकट किंवा पायातले पैंजण पाहून गाव माणूस ओळखते. थर कायम असलेली मूळ फाइल बाहेर देऊ नये. तिच्यात झाकलेला चेहरा जसाच्या तसा शिल्लक असतो. बाहेर जाणारी प्रत सर्व थर एकत्र करून, छायाचित्रातली स्थळाची माहिती काढून मगच द्यावी. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, परंतु मुलाचा स्वतःचा होकार त्याहून वेगळा असून तो प्रत्येक टप्प्यावर पुन्हा विचारावा. बोलता बोलता लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. ही पद्धत उपचार नाही. मदतीची गरज दिसल्यास १०९८ ही बालकांची हेल्पलाइन व २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा (१४४१६) यांची माहिती गटाजवळ हवी.

प्रदर्शन कोठे व्हावे, हे मुलांनी ठरवावे: शाळेच्या व्हरांड्यात, ग्रामपंचायतीत, की फक्त आपापसांत. छापलेल्या चित्रासोबत प्रत्येकाच्या थराची स्वतंत्र प्रत जपून ठेवली जाते. एखाद्या मुलीने नंतर आपला थर काढून घ्यायचे ठरवले, तर कारण न विचारता तो काढतात, उरलेल्या थरांची मांडणी गट नव्याने ठरवतो आणि जुनी प्रत भिंतीवरून उतरवली जाते.